माझा थरथरणारा पडदा

मित्रांनो, शाळेच्या सभागृहातला पोचे पडलेला जुना माईक तुम्ही पाहिला असेल. तो मीच. परवा जे ऐकलं, त्याने मी अजून सुन्न आहे.

माझ्या जाळीमागे एक पातळ पडदा आहे, त्याला तारेचं वेटोळं चिकटलेलं आणि शेजारी चुंबक. तुम्ही बोललात की पडदा हलतो, वेटोळं हलतं आणि तारेतून वीज धावते. एवढंच माझं यंत्र.

नवा होतो तेव्हा मला मखमली पिशवीत ठेवायचे. आता खुर्च्यांच्या ढिगावर फेकतात. एकदा मुख्याध्यापिकाबाईंचं भाषण रंगात आलं असताना त्यांच्याच अंगठ्याने माझं बटण बंद झालं. तेव्हापासून बटणावर चिकटपट्टी आहे. मी कायम चालू. आवाज कमी-जास्त होतो तो कोपऱ्यातल्या ध्वनिवर्धकाच्या पेटीवरून.

त्या पट्टीनेच परवा घात केला.

विज्ञान स्पर्धेची अंतिम फेरी होती. निवेदन दहावीतल्या एका मुलीकडे, शाळेत तिला ‘तोफ’च म्हणतात. वक्तृत्वाची सगळी बक्षिसं तिचीच. मला मुठीत धरून ती विंगेत उभी होती. शेजारी तिची धाकटी बहीण भिंतीला चिकटलेली. गटाचा प्रयोग तिने मांडायचा होता, नाहीतर अख्खा गट बाद.

“ताई, मला नाही जमणार गं. तुझं बरंय, तुला भीती माहीतच नाही.”

“कोण म्हणालं? मघाशी उलटी करून आले. दरवेळी होते. हात धर माझा, बघ.”

“शपथ?”

“तुझी शपथ. आईला सांगू नकोस.”

पेटीवरचा आवाज आधीच वाढवलेला होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं. दुसऱ्या रांगेत बसलेल्या आईनेही.

मी हादरलो. तिच्या मुठीतली ती बारीक थरथर मला कधीपासून जाणवत होती, आणि मी समजत होतो, माझीच तार सैल झाली आहे!

तोफेचा चेहरा पांढराफटक. मग मागून कुणीतरी ओरडलं, “ताई, तू पण? मग आमची काय कथा!” हशा पिकला, पण बोचरा नव्हता. तोफेला हलताच येईना. तेव्हा धाकटीने मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि ती मंचावर गेली. पहिलं वाक्य दोनदा अडलं. मग ते बाहेर पडलं आणि त्यामागोमाग सगळा प्रयोग.

मित्रांनो, मला टिचक्या मारू नका, जाळीत फुंकू नका. आणि बोलताना कुणाचा आवाज कापला तर हसू नका, जरा थांबा. माझा पडदाही थरथरतोच. तो थरथरायचा थांबला, तर तुमचा एक शब्दही कुणापर्यंत पोहोचणार नाही.