काहील आणि कार्ड

मार्चात मेपलच्या झाडांचा गोड रस आटवायला चुलीवर चढला की डार्लीनचा नवरा एव्हरेट काहिलीपासून हलत नाही, म्हणून त्यांच्या घरचा कर दरवर्षी गुऱ्हाळातच भरला जातो. वाफेने चष्मे धुरकटतात, कागद चिकट होतात, आणि नणंद रोबर्टा लॅपटॉपवर टॉवेल धरून कुरकुरत बसते. इतकी कुरकुर करून फुकट काम करणारी बाई साऱ्या मॅसॅच्युसेट्समध्ये शोधून सापडायची नाही.

या नवराबायकोने आरोग्य विमा कधी घेतला नव्हता. चर्चमधल्या बऱ्याच जणांसारखे ते एका मंडळात होते. मंडळ दर महिन्याला कुणा अनोळखी आजारी माणसाचं नाव कळवायचं. आपला वाटा थेट त्याला धाडायचा, सोबत हाताने लिहिलेलं कार्ड. आपण आजारी पडलो की इतरांचे वाटे आपल्याकडे यायचे. राज्य मात्र याला विमा मानत नव्हतं, आणि विमा नसला की दंड लावत होतं. श्रद्धेपोटी विमा न घेणाऱ्यांना माफी होती, पण वर्षभरात डॉक्टरचे उपचार घेतलेले नसले तरच. आजवर दोघंही ठणठणीत होती, त्यामुळे कराच्या फॉर्मवरच्या 'वर्षभरात उपचार घेतले का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणायला काहीच वाटलं नव्हतं.

यंदा रोबर्टाने तो प्रश्न वाचला आणि भावाच्या पोटाकडे बघितलं. गेल्या ऑगस्टमध्ये त्याचं पित्ताशय काढलं होतं.

"घ्या!" ती म्हणाली. "डॉक्टरचं तोंड न बघणाऱ्यांची श्रद्धा खरी, आणि एकमेकांच्या ऑपरेशनला पैसे देणाऱ्यांची खोटी!"

"दंड किती बसेल?" डार्लीनने विचारलं.

रोबर्टाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. नव्या काहिलीसाठी बाजूला काढलेले सगळे पैसे त्यात जात होते. जुनीच्या बुडाला एव्हरेटने इतकी डागडुजी केली होती की मूळ पत्रा कुठला ते त्यालाच सांगता आलं नसतं. आत्ताही थेंब थेंब रस आगीत पडून चुरचुरत होता. ऐन मोसमात ती फाटली तर वर्षाची कमाई राखेत गेली असती.

"कोण तपासायला येतंय? 'नाही' लिहून टाकते," रोबर्टा म्हणाली. "का रे, दादा?"

फेस वर चढत होता. एव्हरेटने त्यात लोण्याचा बारीक गोळा टाकला, तसा तो मुकाट खाली बसला. "डार्लीन सांगेल ते लिही," तो म्हणाला.

"आला मोठा शहाणा! आजारी पडायचं तू आणि ठरवायचं मी!" डार्लीन भडकली. तिला राज्याचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या मेल्या पित्ताशयाचाही आला. "लिही 'नाही'. सुटू दे एकदाचं."

रोबर्टा टाइप करायला लागली. तिच्याकडे बघवेना, म्हणून डार्लीनने या महिन्याचं कार्ड पुढ्यात ओढलं. नेब्रास्काच्या मिसेस होल्कम, गुरुवारी सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन. काय लिहावं ते सुचेना. समोरच्या खांबावर ऑगस्टात आलेली कार्डं खिळ्याला टोचलेली होती. त्यातलं वरचं आयडाहोच्या कुणा म्हाताऱ्याचं, वेड्यावाकड्या अक्षरातलं: "एव्हरेट, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी मी शेतात होतो. ट्रॅक्टर बंद केला आणि तुम्हाला बाहेर आणलं असेल असं वाटेपर्यंत बसून राहिलो."

डार्लीनने ते पुन्हा वाचलं.

"रोबर्टा, थांब. 'हो' लिही."

"डोकं फिरलंय का तुझं? काहील?"

"उपचार घेतलेच नाहीत, तर तो माणूस भर पेरणीत ट्रॅक्टर बंद करून कशासाठी बसला होता?"

"ऑगस्टात कसली पेरणी? कापणी असेल," एव्हरेट म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि वाफेचं निमित्त करून डोळे पुसले. मग काहिलीला डाग द्यायचं सामान शोधायला लागला.

रोबर्टाने दोघांना मनसोक्त मूर्खात काढलं आणि 'हो' केलं.

डार्लीनने पेन उचललं. "प्रिय मिसेस होल्कम," तिने लिहिलं, "गुरुवारी सकाळी आमचा रस उकळत असेल. काहील गळकी आहे, तिला सोडून बसता यायचं नाही. पण आम्ही दोघं तिच्यापाशी उभे राहून तुमचं नाव घेऊ."