पाण्याची खरी रेघ

धरणाला आधी सिमेंट लागतं असं ज्याला वाटतं, त्याने सरकारी धरण पाहिलेलं नाही. आधी सह्या लागतात. त्यातून नदी दोन राज्यांची असली तर मग देवच वाली. गांगडी नदीच्या धरणाची भिंत महाराष्ट्रात, मेळघाटच्या कडेला. पाणी तुंबणार मध्य प्रदेशात, आणि कालवा जाणार खाली अकोट तालुक्यात. म्हणजे चूल एकाची, लाकडं दुसऱ्याची आणि जेवायला बसणार तिसराच. बावीस वर्षं हे धरण कागदावर उभं होतं, आणि कागदावर ते चांगलं मजबूत होतं.

या सगळ्यांची मोट बांधायचं काम अमरावतीच्या कार्यालयात उपअभियंता वर्षाली मेहरे हिच्याकडे होतं. पदाचं नाव समन्वय अधिकारी. अर्थ असा, की दोन्ही राज्यांचे साहेब, वनखातं, अकोटचे शेतकरी आणि वरच्या अंगाची गावं यांपैकी ज्याला राग येईल त्याने तो हिच्यावर काढायचा. आधीच्या तिघांनी वर्षाच्या आत बदली मागून घेतली होती. वर्षालीला चार वर्षं झाली. परतवाड्याजवळच्या माळ्याची ती लेक, बाजारात आईशेजारी बसून भाजी विकलेली. गिऱ्हाइकाने मेथीची जुडी चिवडून, नाक मुरडून परत टाकली तरी हसून "घ्या ना काकू" म्हणायचं शिक्षण तिला सातव्या वर्षीच मिळालं होतं. इंजिनिअरिंगच्या पदवीपेक्षा तेच तिला जास्त कामी येई.

तिच्या काळात वनखात्याची मंजुरी आली, कालव्याची आली, दोन्ही मंत्रालयांची आली. अडलं होतं एकच गाव, मध्य प्रदेशातलं टेंभढाणा. दोन राज्यांच्या कराराची मुदत मार्चअखेर संपत होती आणि त्याआधीची शेवटची बैठक पुढच्या सोमवारी अमरावतीत ठरली होती. त्या दिवशी टेंभढाण्याची संमती आली नाही तर करार रद्द, आणि बावीस वर्षांचं काम पुन्हा शून्यावर.

गावाचं म्हणणं साधं होतं. धरण भरल्यावर पाणी कुठवर येणार? महाराष्ट्राचा नकाशा म्हणे, गाव कोरडं. मध्य प्रदेशाचा नकाशा म्हणे, अकरा घरं पाण्यात. सात वर्षं दोन्ही कार्यालयं एकमेकांना "आपला नकाशा कृपया तपासून पाहावा" अशी गोडगोड पत्रं पाठवत होती. गावच्या सरपंच मैनाबाई. गाव हद्दीपलीकडचं असलं तरी बोली वऱ्हाडीच, आणि सोयरिकी सगळ्या अचलपूर-अंजनगावच्या. येणाऱ्या प्रत्येक साहेबाला त्या एकच विचारत.

"दोन सरकारं, दोन रेघा. पाणी कोणाचं आयकन?"

साहेब लोक घड्याळ बघत आणि गाडीत बसत. वर्षालीला मात्र हा प्रश्न आत कुठेतरी टोचत असे. कारण महाराष्ट्राचा तो नकाशा तिनेच केला होता, आठ वर्षांपूर्वी, नोकरीला लागल्या लागल्या. तिच्या सहीचं ते पहिलं मोठं काम. ते चुकलं असेल असं तिला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर, तसं वाटू द्यायची तिची तयारी नव्हती.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात रविवारी ती घरी गेली, तर वडील गोवर्धन आणि आई पार्बताबाई वांग्याच्या वावरात नवा दांड पाडत होते, म्हणजे वाफ्यांना पाणी नेणारी चर. एका लांबलचक पारदर्शक पायपात निळीचं पाणी भरलेलं. एक टोक वडिलांच्या हातात, दुसरं आईच्या. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबतं. त्या दोन उंचींवर खुणा केल्या की लेव्हल मिळाली. गवंडीही हेच करतो, माळीही हेच करतो.

"बाबा, आता याचं मशीन भाड्यानं भेटते ना," वर्षाली म्हणाली.

"भेटते. पण मशीनमंदी मी पाह्यलं तं तुह्या मायले पटत नाई, अन् तिनं पाह्यलं तं मले पटत नाई," गोवर्धन म्हणाले. "पायपातलं पाणी दोघायलेही दिसते. भांडण होत नाई."

"माह्यंच बरोबर निंघते, ते नाई सांगत," पार्बताबाई पलीकडच्या टोकावरून ओरडल्या.

वर्षाली चहाचा कप घेऊन बांधावर तशीच उभी राहिली. भिंत जिथे होणार तिथल्या टेकडीवर दोन्ही राज्यांनी मिळून एक खांब रोवला होता, आणि धरण काठोकाठ भरल्यावर पाणी किती चढेल त्याची खूण त्या खांबावर होती. त्या खुणेवर कोणाचाच वाद नव्हता. मग गावाची उंची आपापल्या वहीतल्या आकड्यावरून कशाला मोजायची? खांबापासूनच मोजत जावं, सगळ्यांच्या देखत, पायपाने. इतकी सोपी गोष्ट सात वर्षं कोणाला सुचली नाही. मोठ्या माणसांना सोपं सुचत नाही, हा सरकारी कामाचा जुना रोग आहे.

तिचे वरिष्ठ, अधीक्षक अभियंता खुशालराव काळमेघ, हे ऐकून हसले.

"मॅडम, उपग्रहाच्या काळात तुम्ही पायपाने धरण मोजणार?"

"दोन्ही राज्यांची मशीनं बरोबर राहतीलच, सर. पाइप गावासाठी आहे."

"बघा बुवा. हसं होऊ देऊ नका."

गुरुवारी सकाळी खांबापाशी जत्राच भरली. मध्य प्रदेशाचे अभियंता पटेरिया आपलं मशीन आणि दोन माणसं घेऊन आले. वनरक्षक आला. मैनाबाई निम्मं गाव घेऊन आल्या. अकोटच्या कालव्यावरच्या शेतकऱ्यांचा पुढारी पुंजाराम आला. ज्या बैठकीत त्याचा आवाज चढला नाही ती बैठक झालीच नाही असं लोक समजत. आणि शंभर फुटी नवा पाइप खांद्यावर घेऊन गोवर्धन आले, कारण पायपात हवेचा बुडबुडा राहिला की तो खोटं बोलतो, आणि बुडबुडा काढावा तर त्यांनीच.

अंतर दोन-अडीच किलोमीटरच, पण तीन दिवस लागले. वनरक्षक म्हणाला, खुणेसाठी जंगलातल्या झाडाला रंग लावता येणार नाही. मग दगडाला चुना? तोही नाही. शेवटी नुसते दगडावर दगड रचायचे असं ठरलं, त्याला कायद्यात मनाई सापडली नाही. हद्दीच्या दगडापाशी पटेरिया अडले. "मैडम, हमारी तरफ़ का सिरा हमारा आदमी पकड़ेगा." पकडला. पायपातल्या पाण्याने मात्र कोणाची परवानगी न मागता हद्द ओलांडली. पुंजाराम पहिल्या दिवशी नुसता बोलत होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पायपाचं एक टोक धरलं, आणि मग शेवटपर्यंत ते दुसऱ्या कोणाला देईना. पोरंसोरं, म्हाताऱ्या, दोन्हीकडचे कर्मचारी, सगळे मिळून निळं पाणी कुठे थांबतं ते वाकून बघत आणि एकमेकांना सांगत. वर्षालीला चार वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, ही सगळी एकाच कामावरची माणसं आहेत.

शनिवारी दुपारी रेघ टेंभढाण्यात शिरली. पहिलं घर ओलांडलं, दुसरं ओलांडलं, मैनाबाईंच्या अंगणात आली आणि त्यांच्या ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर थांबली. निळं पाणी पायरीच्या वर दिसत होतं. म्हणजे धरण भरलं की या घरात पाणी. अशी घरं मोजली. अकरा भरली.

वर्षालीने बुडबुडा तपासायला लावला, पुन्हा मोजलं. पटेरियांच्या मशीनने तेच सांगितलं. तिच्या स्वतःच्या मशीननेही तेच सांगितलं.

पटेरिया चांगला माणूस. त्यांनी टोमणा मारला नाही. "आपने शुरुआत कहाँ से की थी?" एवढंच विचारलं. आठ वर्षांपूर्वी तिने मोजणी सुरू केली होती हद्दीजवळच्या जुन्या पुलावरून, कठड्यावर रंगवलेल्या उंचीच्या आकड्यापासून. दोघं मोटारसायकलवर पुलाशी गेले. आकडा होता, ठळक, पिवळ्याधमक रंगात. पण तो होता कठड्याच्या खालच्या दगडावर. वरचा दगड खाली नाल्यात पडला होता, कधीतरी एखाद्या ट्रकने उडवलेला, आणि शेवाळ खरवडल्यावर त्याच्यावर तोच आकडा पुसटसा दिसला. कुणा मोठ्या पाहुण्याच्या दौऱ्याआधी रंगाऱ्याने पूल रंगवला असणार. वरचा दगड दिसेना, म्हणून बिचाऱ्याने आकडा खालच्यावर काढला. दोन फूट खाली, म्हणून तिच्या नकाशात गाव दोन फूट वर चढलं. आणि नव्याने नोकरीला लागलेल्या वर्षाली मेहरेने रंग ताजा बघून विश्वास ठेवला.

तिने तिथूनच खुशालरावांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले,

"ऐका. सोमवारी सह्या होऊ द्या. नंतर आपण शुद्धिपत्रक काढू. आत्ता बोललात तर गाव उठून जाईल, आणि तुमची चौकशी लागेल ती वेगळीच."

गावात परतल्यावर पुंजारामने तिला आंब्याखाली बाजूला घेतलं. इतका हळू बोलताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, दोन दिस गप राहा ना. बावीस साल झाले आमी वाट पाहून राह्यलो. सही होऊ द्या, मंग त्या घरायचं पाहू."

तो वाईट माणूस नव्हता, म्हणून तर ते ऐकणं जड गेलं. त्याच्या गावांच्या विहिरी पौषातच तळ गाठतात हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आपण तोंड उघडलं तर धरण जाईल, नोकरीवर डाग येईल, आणि चार वर्षं खाल्लेली सगळी बोलणी वाया जातील. तिला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. अंगणात गोवर्धन पाइप गुंडाळत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण सल्ला काही दिला नाही. लेकीच्या कामात नाक खुपसायची त्यांना सवय नव्हती.

ती ओसरीच्या पायरीपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मैनाबाई, आमचा नकाशा चुकला. तुमच्या सरकारचा बरोबर हाय. आमचा नकाशा म्या केला होता, माह्याच सहीचा हाय तो. पुलावरचा आकडा म्या तपासला नाई. अकरा घरं पाण्यात जातात."

मैनाबाईंनी पायरीवरची रेघ एकदा निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "ठीक हाय. सोमवारी येतो आमी," आणि आत गेल्या. याचा अर्थ काय, हे कोणालाच कळलं नाही.

सोमवारी अमरावतीतलं सभागृह भरलं. दोन्ही राज्यांचे सचिव समोर, मागे वनखातं, अकोटची मंडळी आणि टेंभढाण्याची दोन जीपभर माणसं. गावाने पायपाचा मालक साक्षीला पाहिजे म्हणून गोवर्धनांनाही परतवाड्याहून जीपमध्ये घालून आणलं होतं. ते अगदी मागच्या रांगेत, खुर्चीच्या टोकावर बसले होते.

वर्षालीने उभं राहून सगळं सांगितलं, पुलासकट, रंगासकट. नवा नकाशा मांडला. मग खुशालराव उठले. ही चूक मेहरे मॅडमची वैयक्तिक आहे, चौकशी होईल, आणि समन्वयाचं काम आजपासून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्यात येईल, असं त्यांनी सचिवांना सांगितलं. वर्षाली खाली बसली. आपलं काम संपलं, निदान खोटं बोलून तरी संपलं नाही, असं तिला वाटलं.

तेवढ्यात मैनाबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, आमची ग्रामसभा काल झाली. धरणाले आमची संमती हाय."

सभागृहात गलका झाला. मैनाबाईंनी हात वर केला.

"आयकून घ्या. अकरा घरं आधी वरच्या माळावर बांधायची. भिंत मागून. अन् पाण्याची रेघ जिथं दगड रचले तिथंच कायमची."

"मंजूर व्हायला हरकत नाही," महाराष्ट्राचे सचिव म्हणाले. "पण भिंतीला साल-दीड साल उशीर होईल. अकोटचं काय?"

सगळ्यांनी पुंजारामकडे पाहिलं. तो उठला. शनिवारी आंब्याखाली काय बोललो ते त्याला आठवत असणार, कारण त्याची मान खाली होती.

"बावीस साल थांबलो. अजून एक थांबतो. त्या बाईच्या पायरीवर पाइप म्याच धरला होता ना."

कागद पुढे सरकवले. मैनाबाईंनी पेन घेतलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं आणि पेन परत ठेवलं.

"याच्यावर मेहरे बाईचं नाव नाई."

"ते आता दुसरे अधिकारी बघतील," खुशालराव म्हणाले.

"काहून? सात साल दोन सरकारं आमाले सांगत होती, आमचंच बरोबर. एकानं तरी म्हटलं का, आमचं चुकलं? या बाईनं माह्या आंगणात, सगळ्या गावासमोर म्हटलं. घरं कुठं बांधता, दगड कुठं रोवता, हे तिनंच पाहाचं. तिची सही पयले. नाई तं आमची नाई."

सचिवांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी टेबलाकडे पाहिलं. पटेरिया मात्र खुर्चीतून उठले आणि स्वतःचं पेन वर्षालीपुढे धरलं. "लीजिए मैडम."

तिने सही केली. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, त्यामुळे नाव जरा तिरकं आलं. त्याखाली मैनाबाईंनी आपलं नाव सावकाश, सुटं सुटं, पूर्ण लिहिलं. मग दोन्ही राज्यं. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या त्या अकोटकडच्या खुर्च्यांवरून.

मागच्या रांगेत एक कारकून शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारत होता, या बाई कोण म्हणून. गोवर्धन खुर्चीवरून उठून उभे राहिले. आख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"ते माही पोरगी हाय. तो चुकलेला नकाशा तिचाच!"