शैवालावरून झालेलं भांडण

माझा दादा आणि आमचे हे, यांचं भांडण जमिनीवरून झालं नाही की पैशावरून नाही. शैवालावरून झालं. लोकांना सांगितलं तर हसतात. हसू देत. अकरा वर्षं सख्खा भाऊ माझ्या घरी आला नाही, त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

तसे दोघं कॉलेजपासूनचे जिवलग. माझं लग्नही दादानेच जुळवलं. दोघांचा विषय एकच, हरितलवक. पानाला हिरवं करणारी, उन्हावर अन्न शिजवणारी ती बारीक गोळी. ती मुळातली पेशीची नव्हेच. फार फार पूर्वी एका पेशीने एक हिरवा जिवाणू गिळला आणि पचवायच्या ऐवजी ठेवून घेतला. दादा त्याला घरजावई म्हणतो. या घरजावयाने आपली बहुतेक जनुकं हळूहळू घरमालकाच्या हवाली केली, थोडी मात्र स्वतःपाशी ठेवली. ती थोडी म्हणजे हरितलवकाचा जीनोम.

आता ह्यांचं शैवाल बिनरंगी. एकाच पेशीचं, ऊन सोडून दुसऱ्यांना खाऊन जगणारं. ह्यांनी जाहीर केलं, की या शैवालाने तो जीनोम सगळाच टाकून दिलाय. नाव झालं. मग एका परिषदेत दादा भर सभेत उठला आणि म्हणाला, "सगळं कोणी टाकून देत नाही. तू नीट शोधलं नाहीस." झालं. घरी आल्यावर हे म्हणाले, "तुझ्या भावाने चारचौघांत माझी शोभा केली." त्या दिवसापासून दादाचं नाव घरातून गेलं. दादाही काही कमी नाही, एक नंबरचा हेकट. मी त्याला हॉटेलात भेटायची, चोरी केल्यासारखी. स्वतःच्या भावाला.

यंदा हे निवृत्त होणार. निरोपाच्या भाषणासाठी म्हणाले, "आपली जुनी माहिती नव्या प्रोग्रॅममधून एकदा काढून दे." आम्ही एकाच प्रयोगशाळेत, हे सूक्ष्मदर्शकापाशी, मी कॉम्प्युटरपाशी. डीएनए वाचला की लाखो तुकडे हाती येतात, ते जुळवत बसायचं. शैवालाच्या बाटलीत जिवाणूही असतातच, म्हणून जिवाणूंसारखे दिसणारे तुकडे आधी बाजूला काढतात. तो आमचा कचऱ्याचा फोल्डर. तो कोणी उघडत नाही. मी उघडला. तुकडे एकमेकांना जुळत गेले आणि छोटंसं वर्तुळ पुरं झालं; हरितलवकाचा जीनोम असाच गोल असतो. एकोणतीस जनुकं. जिवाणूंसारखी दिसणारच ती, घरजावयाचं खानदान तेच ना.

दोन दिवस मी तेच तुकडे पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर हे म्हणणार, भावाची बाजू घेतेस. न सांगावं तर हे भरल्या सभागृहात चुकीचं बोलणार आणि दादा कायमचा तुटणार. आणि खरं सांगते, मला माझा दादा हवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर लॅपटॉपही ह्यांच्यापुढे ठेवला.

"अहो, हे बघा. आणि आधी ओरडू नका."

ह्यांनी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "त्याने खाल्लेल्या हिरव्या शैवालाचं असेल हे."

"मग ऊन पकडायची जनुकं कुठे गेली? खाल्लेल्याचं असतं तर तीही आली असती. इथे एक नाही."

हे पडद्याकडेच बघत राहिले. चहावर साय धरली. न राहवून मीच म्हणाले, "मी हे दादासाठी केलेलं नाही."

"अगं, एवढं ओळखत नाही का मी तुला?" हे म्हणाले. मला रडूच आलं. मग म्हणाले, "फोन लाव."

"कोणाला?"

"कोणाला काय. त्याला."

मी लावला आणि फोन स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला. दादा म्हणाला, "बोल गं."

"मी बोलतोय," हे म्हणाले. "तुझं बरोबर होतं. जीनोम आहे. मीच कचऱ्यात टाकला होता."

मला वाटलं, आता दादा अकरा वर्षांचा वचपा काढणार.

"अरे, मी तेव्हा नुसता अंदाज ठोकला होता," दादा म्हणाला. "तू शोधून बोलला होतास. त्या काळच्या प्रोग्रॅमला ते सापडणं शक्यच नव्हतं. तुझं काही चुकलं नाही."

"चुकलं."

"नाही चुकलं म्हणतोय ना."

"माझी चूक मला कळत नाही का? तू कोण ठरवणार?"

"बघ, हे असं तुझं. कधी म्हणून ऐकायचं नाही."

आवाज चढले. बाजू बदलल्या होत्या, खुमखुमी तीच. मी पदर तोंडाला लावून हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

"ये इथे, पुराव्यानिशी दाखवतो," हे गरजले.

"येतो की. घाबरतो का कोणाला? आत्ता निघतो." मग दादाचा आवाज खाली आला. "पत्ता सांग पण. तुमचं हे घर मी पाहिलेलं नाही."

ह्यांनी फोन जवळ ओढला आणि बागेपाशी वळायचं कुठे, मजला कितवा, डावीकडचं दार की उजवीकडचं, सगळं सावकाश सांगत बसले.