रंगरावाचा फोक

रंगरावाची खोड अख्ख्या पिंपळगाव राजा गावाला ठाऊक होती. मारायचं असलं की हा स्वतः कधी काठी शोधायचा नाही. ज्याची पाठ सोलायची त्यालाच फर्मावायचा, "जा, फोक आण!" विहिरीजवळच्या निरगुडीचा हिरवा फोक हातात आला की मुठीतून सर्रकन ओढून पानं सुतायची आणि मगच पहिला तडाखा. मेल्याचा थाट काय वर्णावा! बायकोनं, रेणुकानं, लग्न झाल्यापासून आपल्या माराचे फोक आपणच तोडून आणले होते.

त्या दुपारी पाळी लेकीची आली. मयुरीनं बापाला न विचारता खामगावच्या नर्सिंग कॉलेजात नाव घातलं होतं. आधी थोबाडीत बसली, ओठ फुटला.

"जा, फोक आण!"

पोरगी जागची हलली नाही.

"मी आणतो," रेणुका म्हणाली.

ती निरगुडीकडे निघाली, पण परसातल्या मोठ्या कुंडीपाशी थबकली. तिचा भाऊ संघर्ष पुण्याला रोपवाटिकेत होता. दक्षिण अमेरिकेतल्या सखल रानातलं हे झाड त्यानंच ठेवायला दिलेलं. बुंधा घागरीसारखा फुगलेला, फांद्या सरळ, अन् पानादेठांवर बारीक पांढरी कुसं. "ताई, उघडा हात लावजो नको. इंचवावानी डसते," त्यानं बजावलं होतं. एकदा चुकून बोट लागलं, तर ती दिवसभर तळमळली होती.

आपण सोसलं ते सोसलं, लेकीच्या पाठीवर वळ उठू द्यायचे नाहीत. रेणुकाचं डोकं सणकलं. फवारणीचे रबरी हातमोजे चढवून तिनं लांबशी फांदी छाटली.

रंगराव पोरीकडेच डोळे वटारून होता. न बघताच त्यानं फांदी घेतली, मूठ आवळली आणि सर्रकन ओढली.

किंकाळीनं कोंबड्या उधळल्या. तोच हात त्यानं तोंडावर फिरवला. डोळा सुजला, ओठ सुजले. "रांडे!" म्हणत तो रेणुकाच्या अंगावर धावला. तिनं पडलेली फांदी उचलली. मानेवर, दंडांवर, बनियनवर ती सपासप ओढत राहिली. कित्येक वर्षांचा राग हातात उतरला होता, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. तो गुडघ्यांवर कोसळला तरी ती थांबेना.

"आई, बस! मरतीन बाबा!" मयुरीनं मागून कंबरेला मिठी घातली.

फांदी मोडली होती. रंगराव मातीत तोंड घासत पाणी मागत होता.

"पाणी दे त्याले," रेणुका धापा टाकत लेकीला म्हणाली. मग नवऱ्याजवळ उकिडवी बसली. आजवर तिनं त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"पोरीच्या अंगाले पुन्हा हात लावला ना, तर पुढचा फोक आणाले तुलेच पाठवीन. मोजे देणार नाई."