पोटात कांदे भरलेली नाव

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी नाव आहे. हातभर लांब, आतून पोकळ. समुद्र मी पाहिलेला नाही, आणि जे पाणी शेवटी पाहिलं ते आठवलं तरी मळमळतं.

गिरगावातल्या श्यामकांत सरांनी मला घडवलं. जहाज कसं आखतात हे ते मुलांना शिकवत. पाणी कुठवर चढलं तर चालेल आणि कुठून पुढे धोका, त्याच्या बारीक रेघा त्यांनी माझ्या अंगावर ओढल्या. वर्गातल्या स्वच्छ काचेच्या टाकीत मी तरंगायचे. माझ्या पोटात वजनं ठेवत सर म्हणत, "वजन खाली, तर नाव शहाणी. वजन वर, तर नाव वेडी." मुलं माना डोलवत आणि मीही ऐटीत डुलायचे.

सर गेले. त्यांची सून उर्मिला करी रोडच्या टॉवरमध्ये राहायला गेली आणि तिने मला स्वयंपाकघरात ठेवून माझ्या पोटात कांदे भरले. कांदे, मित्रांनो! तळातला एक सडला, त्याचं पाणी सरांच्या रेघांवरून ओघळलं, चिलटं घोंगावू लागली. पाहुणे मात्र म्हणत, "किती क्यूट बास्केट." मला त्या कौतुकाची शिसारी यायची.

तिथे मासे पोचवायला रुचिका यायची. तिचे वडील हरेश्वर मासेमारी बोटीचे मालक, आणि ती कॉलेजात जहाजबांधणी शिकणारी. एका रविवारी पापलेटं देताना तिची नजर माझ्या रेघांवर पडली.

"ताई, हे शिकवायचं मॉडेल आहे. यात कांदे? मला दोन दिवस द्याल?"

"मग काय ठेवू? हवं तर ने दोन दिवस. पण परत आण हां."

रुचिकाला घाई होती. पाण्याची मोठी टाकी केबिनच्या टपावर बसवायची, म्हणजे खाली मासळीला जागा होईल, असं हरेश्वरने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वेल्डर येणार होता. बोटीवर हरेश्वरसकट सात माणसं जातात. पोरीने आकडेमोड दाखवली तेव्हा तो नुसता हसला होता.

कोळीवाड्यात त्यांच्या दारात बोंबील आणि कोलंबी धुतलेला टब होता. तिने मला त्यातच सोडलं. गढूळ, बुळबुळीत पाणी, वर तरंगणारी टरफलं. कांदे बरे, असं मला वाटलं. तिने जाळ्याची शिशाची वजनं माझ्या पोटात ठेवली, मी ताठ उभी राहिले. मग माझ्या काठांवर फळी टाकून तीच वजनं फळीवर रचली.

"ही तुमची टाकी, पप्पा." तिने टिचकी मारली आणि मी पालथी पडले, तोंड थेट त्या घाणीत.

"खेळणं हाय ते गो," हरेश्वर म्हणाला. "आपली बोट मोठी हाय."

"टाकीपण मोठीच आहे ना, पप्पा."

तो टबाजवळ सरकला. मग स्वतः उकिडवा बसला. वजनं खाली ठेवून टिचकी मारली, मी डुलून सावरले. वर ठेवून मारली, पुन्हा पालथी. असं त्याने चार वेळा केलं. चारही वेळा मी ते पाणी प्यायले. पण इतकं निरखून मला वर्गातही कोणी पाहिलं नव्हतं.

त्याने हात पुसले आणि वेल्डरला फोन लावला. "टाकी टपावर नको रे. खालीच बसव. मासली थोडी कमी येल, चालेल."

उर्मिलाने मला परत घेतलंच नाही. नाकाला पदर लावून म्हणाली, "तूच ठेव बाई." आता मी रुचिकाच्या पुस्तकांशेजारी असते. लिंबाने घासूनही वास जात नाही आणि माझी मला किळस येते.

मित्रांनो, जी वस्तू काही शिकवायला घडवली आहे तिच्यात कांदे भरण्याआधी तिच्यावरच्या रेघा वाचा. एवढंच मागणं.

बोट गेली की रुचिका वाचता वाचता दाराकडे बघत राहते. चार-पाच दिवसांनी तोच घाणेरडा वास आधी घरात शिरतो आणि मागून हरेश्वर. तेवढ्यापुरतं मी नाक मुरडत नाही.