बाटलीतल्या पाण्याला आलेला गुण

गिरजाघरामागच्या आंब्याखाली पन्नासेक माणसं दाटीनं उभी होती. मेजोनं चाचणीची पट्टी उंच धरली. गेल्या महिन्यातल्या पट्टीवर दोन रेघा, म्हणजे रोग, होत्या; आज एकच.

"हेपटायटिस गेला, मेंगेताई. रक्त धुऊन निघालं."

टाळ्या पडल्या. मेंगे रडली. एचआयव्ही कळल्यावर सासरच्यांनी तिला बाहेर काढलं, तेव्हा स्वतःच्या मोटरसायकलवर तिला इस्पितळात नेणारा हाच मेजो. त्यालाही दोन्ही रोग होते. आपला हेपटायटिस सी विषाणूच्या चार नंबरच्या जातीचा, हे त्यानंच एचआयव्ही असलेल्यांच्या गटात सांगितलं होतं. म्हणून तर त्याच्यावर विश्वास. उपचार करताना ब्लेडनं तो आधी स्वतःचा दंड चिरायचा. "विष असलं तर आधी मला बाधेल," म्हणायचा. मग त्याच ब्लेडनं रांगेतल्यांच्या पाठी चिरून त्यात झाडाच्या सालीची पूड चोळायचा.

हेपटायटिसच्या यादीतून नाव काढायला मेंगे इस्पितळात गेली. प्रयोगशाळेतल्या एसियानबाईंनी वाद घातला नाही, रक्त घेतलं. दोन आठवड्यांनी अहवाल आला. विषाणू होताच. पूर्वी एक नंबरची जात होती, आता एक आणि चार, दोन्ही.

चार नंबर कोणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही.

तिनं मेजोच्या पट्टीवरच्या एका रेघेचं सांगितलं, तेव्हा बाईंनी नवी पट्टी फोडली आणि रक्त न घालता तिच्यासोबतच्या बाटलीतल्या द्रावाचे थेंब टाकले. एक रेघ आली. "ही रेघ पट्टी चालते एवढंच सांगते. दुसरी यायला रुग्णाचं रक्त लागतं."

मेंगेला आठवलं. मेजोनं तिचं बोट टोचलं होतं, पण थेंब पट्टीवर न टाकता कापसानं टिपून घेतला होता.

रविवारी तिनं आंब्याखाली नव्या पट्टीवर तेच करून दाखवलं. "बघा, बाटलीतलं पाणीपण बरं झालं." कोणीतरी हसलं. बायका आपल्या पाठी चाचपू लागल्या.

"मी तुमच्या आधी स्वतःला चिरत होतो," मेजो पुटपुटला.

"म्हणूनच तुझं रक्त त्या ब्लेडवरून आमच्यात आलं. तुला तुझा रोग माहीत होता, दादा."

तो मान खाली घालून निघून गेला. मेंगे त्याला अडवायला गेली नाही. ती बायकांकडे वळली. दुसऱ्याला लागलेलं ब्लेड अंगाला लावून घेऊ नका, तिनं सांगितलं. चाचणी आपल्याच रक्ताची होतेय का, ते डोळ्यांनी बघा. एचआयव्ही असलेल्याचं यकृत हेपटायटिसनं लवकर खचतं, आणि त्यावर इस्पितळात गोळ्या आहेत. सांगणारा कितीही जवळचा असो, पुरावा मागा.

"उद्या सकाळी मी इस्पितळात जातेय. ज्यांची पाठ चिरलीय, त्यांनी सगळ्यांनी तपासणीला चला."