विचारून जाणारी माणसं

त्या गल्लीतून समुद्रावर जायचं तर शिडवालीच्या अंगणातूनच जावं लागे. दुसरा रस्ता नव्हता असं नाही, पण तो मासळीबाजाराला वळसा घालून, बर्फाच्या कारखान्यामागून जायचा. ज्याला खिडकीतून समुद्र दिसतो तो त्याच्यासाठी एवढी पायपीट कशाला करील? अंगणाला पुढं एक फाटक होतं, मागं एक फाटक होतं, आणि दोन्हींच्या मध्ये दिवसभर कापड पसरलेलं असे.

तिला शिडवाली म्हणत ते सासऱ्यांमुळं. ते एके काळी शिडं शिवायचे. आता शिडाच्या होड्या राहिल्या नव्हत्या आणि ती स्वतः होड्यांवर घालायच्या ताडपत्र्या आणि दुकानांपुढची छतं शिवायची, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. नवरा जहाजावर नोकरीला. वर्षातून एकदा घरी यायचा आणि आला तरी पाहुण्यासारखा वागायचा, चहाचा कप कुठं ठेवू म्हणून विचारायचा. घर चालायचं ते तिच्या मशीनवर, आणि मशीन चालायचं ते अंगणाच्या जिवावर. ताडपत्री म्हणजे काही पोलक्याचं कापड नव्हे, पलंगावर पसरून बेतायला.

म्हणून एक रीत पडली होती. ज्याला जायचं असेल त्यानं फाटकाशी थांबायचं आणि हाक द्यायची, "येऊ का?" मशीनच्या आवाजात शिडवालीला काही ऐकू जायचं नाही. उत्तर द्यायचे ते नाना, म्हणजे तिचे सासरे. त्यांची नजर गेली होती. जाड कापड आणि बारीक टाके यांनी ती खाल्ली असं ते स्वतः सांगत. दाराशी खुर्ची टाकून बसत. सकाळी सून कापड कुठं पसरलंय ते सांगायची आणि मग दिवसभर ते वाहतूक हाकत. "ये रे, भिंतीच्या कडेनं ये." "आज नळाकडून जा." "थांब जरा, ती कापतेय." आवाजावरून माणूस ओळखायचे आणि फुकटचा सल्लाही द्यायचे, "घसा बसलाय तुझा, पोहायला कसला जातोस?" नाही असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही. पण न विचारताही कुणी गेलं नाही. एक नवा भाडेकरू एकदा तसाच घुसला, तर नानांनी त्याला फाटकापर्यंत मागं पाठवलं आणि पुन्हा विचारायला लावलं. रागानं नव्हे. कुणीतरी शिकवायला हवं ना.

अडचण एवढीच, की अंगण नानांचं नव्हतंच. जुन्या वाटणीत घर नानांकडे आलं होतं आणि अंगण धाकट्या भावाकडे. भाऊ होता तोवर ही गोष्ट दोघांनाही आठवत नव्हती. भाऊ गेला, आणि पुतण्यानं लांबच्या शहरात बसून ते अंगण एका हॉटेल कंपनीला विकायचं ठरवलं. ज्या दिवशी कंपनीची माणसं मोजमापाची फीत घेऊन आली त्या दिवशी शिडवालीनं घरात मशीन कुठं मावेल ते पाहून घेतलं. स्वयंपाकघर तिच्या मशीनपेक्षा थोडंसंच मोठं होतं.

घाबरली मात्र सगळी गल्ली. पलीकडच्या खाडीवर असंच एक हॉटेल झालं होतं. तिथं आता गच्चीवर गाणी वाजत, वाळूत बाटल्या रुतलेल्या असत, आणि लोकांच्या दारापुढं अशा गाड्या लागत की घरातल्या आजाऱ्याला उचलून चौकापर्यंत न्यावं लागे. मग समिती स्थापन झाली. निवृत्त हेडमास्तर अध्यक्ष झाले, कारण त्यांना न केलं असतं तरी ते झालेच असते. समितीचं नाव काय ठेवायचं यावर पहिल्या दोन बैठका गेल्या. नमनाला घडाभर तेल! तिसऱ्या बैठकीला हेडमास्तरांनी आपला वकील भाचा आणला, तेव्हा कुठं कामाचं बोलणं सुरू झालं.

बैठक बेकरीत भरायची, दुपारी भट्टी निवल्यावर. वकील पिठाच्या पोत्यावर रुमाल पसरून बसला.

"आपण कचेरीत अर्ज करू, तिथला साहेब पाहणीला येईल. तुम्ही लोक वर्षानुवर्षं या वाटेनं हक्कानं जाताय, एवढं सिद्ध झालं तर वाट सार्वजनिक ठरते," तो म्हणाला. "मग जागा कुणीही विकत घेवो, तिथं एक वीट रचता येणार नाही. अंगण आहे तसं राहील. ताईंचं कामही चालू राहील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"फक्त एक आहे. तुम्ही घरच्या माणसाची परवानगी घेऊन जात होता असं निघालं, तर सगळं मुसळ केरात. विचारून मिळतो तो हक्क नव्हे. ती मेहेरबानी."

टाळ्या थांबल्या. बेकरीवालीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "अहो, पण आम्ही विचारतोच की."

"आजपासून नाही विचारायचं. आणि कधी विचारलंही नव्हतं."

"खोटं सांगायचं?"

"ही एक तांत्रिक बाब आहे," हेडमास्तर म्हणाले. चाळीस पिढ्यांना खरं बोलायला शिकवल्यासारखा त्यांचा चेहरा होता, त्यामुळं लोकांना जरा धीर आला.

सवय मोडणं काही सोपं नसतं. पहिल्या दिवशी लोक फाटकाशी येत, थबकत, तोंड उघडत, मिटत, आणि चोरासारखे अंगण ओलांडत. बेकरीवाली तर तोंडात औषधाचा घोट धरल्यासारखी जायची. नानांना पावलं ऐकू येत होती. "कोण?" ते विचारत. उत्तर द्यायचं नाही असंही समितीनं सांगून ठेवलं होतं, कारण एकदा बोलणं निघालं की पुढचं तोंडातून जातंच.

संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं, "पोरी, लोक माझ्यावर रागावलेत का?"

तिनं सगळं समजावून सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि साहेब पाहणीला आला की मी काय म्हणायचं?"

"एवढंच. इथून जाताना कुणी काही विचारत नाही."

"ते नाही जमायचं मला."

"अंगण गेलं तर मी शिवू कुठं, नाना? चुलीवर?"

"ते कळतं मला. जागा माझी नव्हती, तरी लोक मला विचारत होते. चांगली माणसं होती म्हणून विचारत होती. आता त्यांनाच मी बेशिस्त ठरवू?"

हा माणूस तिला कधी उलट शब्द बोलला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा सुई कशी धरायची ते त्यांनीच शिकवलं होतं, तिच्या बोटांवर बोटं ठेवून. त्यामुळं तिला भांडताही येईना. हेडमास्तरांनी तोडगा काढला, की पाहणीच्या दिवशी नानांना आतल्या खोलीत बसवायचं आणि रेडिओ लावून द्यायचा. नानांनी त्याला हरकत घेतली नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, एवढी सवलत त्यांनी स्वतःला दिली.

पाहणीला आलेले साहेब सभ्य, जरा थकलेले गृहस्थ होते. अंगणात खुर्ची टाकून बसले. कंपनीचा माणूस फाटकाशी उभा राहिला. शिडवाली मशीनवर बसली, रोजच्यासारखी, आणि समितीनं गल्लीतले लोक सोडायला सुरुवात केली. रोज दिवसभरात जेवढे जात नसतील तेवढे त्या सकाळी समुद्रावर गेले. हेडमास्तर टॉवेल खांद्यावर टाकून गेले, परत आले आणि कोरडेच पुन्हा गेले. कुणी थांबलं नाही, कुणी विचारलं नाही. एकाचा पाय ताडपत्रीवर पडला, तेही समितीला बरंच वाटलं. साहेब कागदावर टिपत होते. कंपनीच्या माणसाचा चेहरा उतरत चालला होता.

शेवटी साहेब उठले. त्यांना मागचं फाटक पाहायचं होतं. पण मध्ये नवी ताडपत्री आडवी पसरलेली, आणि ते चांगल्या घरात वाढलेले. शिडवालीची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांनी जरा आवाज चढवून विचारलं, "बाई, इथून जाऊ का?"

"या, या!" आतून नानांचा आवाज आला. रेडिओच्याही वर, खणखणीत. किती दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं. "नवीन दिसताय! भिंतीच्या कडेनं या, मध्ये कापड असेल."

मशीन थांबलं. कंपनीचा माणूस हसला. "ऐकलंत ना, साहेब? परवानगी देतायत."

"कोण आहे आत?"

"सासरे," शिडवाली म्हणाली.

"लोक त्यांना विचारून जातात का?"

फाटकापाशी सगळी गल्ली उभी होती. शिडवालीच्या गुडघ्यांवर ताडपत्रीचं जड टोक होतं. हे कापड कुठं उलगडणार, हा एकच विचार त्या क्षणी तिच्या डोक्यात होता. पुढं आयुष्यभर तिनं स्वतःशी प्रामाणिकपणे हेच कबूल केलं, की दुसरा कसलाही विचार तेव्हा तिच्या डोक्यात आला नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "त्यांचं मनावर घेऊ नका. वय झालंय, भ्रम होतो त्यांना. कुणी नसलं तरी या या म्हणत बसतात."

बोलणं इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"हो, हो," हेडमास्तर पुढं झाले. "हल्ली फारच वाढलंय."

"मलासुद्धा ओळखत नाहीत," बेकरीवाली म्हणाली. तिचा खोकला नाना गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखत.

साहेब दारात गेले. मागोमाग कंपनीचा माणूस आणि शिडवाली. नाना पलंगाच्या काठावर ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. रेडिओ त्यांनी स्वतःच बंद केला होता. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आजोबा," साहेबांनी विचारलं, "आत्ता तुम्ही मला काय म्हणालात?"

नानांनी चेहरा वळवला. साहेबांकडे नाही, सून उभी होती तिकडे. ती कुठं उभी आहे हे त्यांना नेहमीच कळे.

"मी?" ते म्हणाले. "मी काही बोललो का?"

"या म्हणालात."

"असेन म्हणालो. बरळतो हो मी." त्यांनी हात जोडले. "पोरगी सांभाळून घेते, म्हणून चाललंय."

साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर एक ओळ लिहिली.

वाट सार्वजनिक ठरली. कंपनी दुसरी खाडी शोधायला गेली. पुतण्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यानंही अंगणाचा नाद सोडला. बेकरीवालीनं त्या दिवशी सगळ्यांना फुकट केक वाटला, हेडमास्तरांनी भाषण केलं आणि त्यात सत्याचा विजय वगैरे शब्द न अडखळता म्हटले. शिडवालीनं घरी येऊन नानांच्या पायाशी बसून बोलायचा प्रयत्न केला. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटत होती.

"नाना, त्या दिवशी मी..."

"अंगण राहिलं ना?" ते म्हणाले. "मग झालं तर."

त्यांनी हा विषय पुन्हा काढू दिला नाही. इतर बाबतीत ते पूर्वीसारखेच होते, फक्त बोलणं कमी झालं होतं.

गल्लीतले लोक आधी त्यांच्यासमोर ओशाळे होऊन वावरत. बेकरीवाली तर नजरेला नजर देत नसे. समोरच्याला दिसत नाही, हे तिच्या लक्षातच यायचं नाही. पण ओशाळेपण फार दिवस अंगावर वागवणं कुणालाच परवडत नाही. आपण खोटं बोललो असं मानण्यापेक्षा म्हाताऱ्याचं खरंच काहीतरी बिघडलंय असं मानणं किती सोपं! नाना गप्प बसत तेव्हा लोक म्हणत, बघा, हरवल्यासारखे बसतात. एखादा शब्द अडला की एकमेकांकडे बघत. हळूहळू सगळे त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागले, एकेक शब्द वेगळा करून, तान्ह्या मुलाला सांगावं तसं. कान तर त्यांचे शाबूत होते. नाना आधी चिडले, मग हसले, मग दोन्ही सोडून दिलं. हेडमास्तर जुन्या वादळांच्या तारखा पडताळून घ्यायला त्यांच्याकडे येत असत, तेही यायचे थांबले.

असंच एका सकाळी बेकरीवाली पाव घेऊन आली. नाना खुर्चीत होते, शिडवाली शेजारी बसून ताडपत्रीला कडी ठोकत होती. बेकरीवालीनं पाव तिच्या हातात दिला, गल्लीतल्या चार बातम्या सांगितल्या, आणि निघताना आवाज न उतरवता, अगदी मायेनं विचारलं,

"नाना जेवतात ना गं नीट? काही कळतं का त्यांना?"

नानांची मान किंचित वर झाली. त्यांनी तोंड सुनेकडे केलं आणि तसेच थांबले.

ते तुझ्या समोर बसलेत, त्यांनाच विचार, असं म्हणायला शिडवालीनं तोंड उघडलं. मग तिच्या मनात आलं, की साहेबांचा कागद अजून कचेरीत आहे, आणि गल्लीत बोललेली गोष्ट कुठवर जाईल याचा नेम नाही.

"जेवतात," ती म्हणाली. "कळायचं म्हणशील तर, असंच आहे."

आणि तिनं पुढची कडी हातोडीखाली घेतली.